लेकराच्या मेंदूपर्यंत शिसं पोचू द्यायचं नसेल, तर या चुका टाळा

पाढे पाठ असलेलं लेकरू विसरायला लागतं, उगाच चिडतं, वर्गात त्याचं मन लागत नाही. घरात पहिला संशय मोबाईलवर येतो, दुसरा लेकराच्या आळसावर. शिशाचं नाव कुणी काढत नाही, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. शिशाने ना ताप येतो ना पुरळ उठतं. पोटात कळा किंवा झटके यायला लागेपर्यंत बुद्धीचं नुकसान कधीच सुरू झालेलं असतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. मग मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, तिथेच ते आडवं येतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट जास्त शोषतात, आणि झालेली हानी बहुतेक वेळा भरून येत नाही.

दुसरी चूक रंग पाहून हळद घेण्याची. हिंगोली-वसमत हा आपला हळदीचा पट्टा, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांवर लेड क्रोमेट चोळतात. हा रंगकामातला पिवळा रंग, त्यात शिसं असतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. धाडी आणि जनजागृतीनंतर २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबतं! हळकुंड हातात घेऊन मोडून बघा. चांगलं हळकुंड बाहेरून मळकट, खरबरीत असतं आणि आतून गर्द केशरी-पिवळं. आतल्यापेक्षा बाहेरूनच जास्त चमकत असेल, तर ते बाजूला ठेवा. मी पॉलिश न केलेली हळकुंडं ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेते आणि गिरणीत दळून आणते. ग्लासभर पाण्यात हळद टाकून शिसं किती ते कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

तिसरी चूक जुन्या बॅटरीची. लाईट जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आले. त्या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. ती अंगणात फोडू नका, मासे धरायच्या जाळ्याला वजन हवं म्हणून चुलीवर शिसं वितळवू नका. धूर विरला तरी धूळ अंगणात राहते, रांगतं लेकरू तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. नवी घेताना जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, किमतीतून पैसेही वजा होतात. बॅटरीचं किंवा शिशाचं काम करणाऱ्याने कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलून घेऊ नये. घर झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून काढा.

कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. लेकरांच्या डोळ्यांत सुरमा घालू नका. पाणी उकळल्याने शिसं जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

शंका आली तर ऐकीव भस्मं, काढे नकोत. काही भस्मांतच शिसं आणि पारा असतो. डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून द्यायला सांगा. रक्ताच्या एका डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचं प्रमाणही निर्धोक नाही. लोह, कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त मुरतं, म्हणून पालेभाजी, दूध, नाचणी ताटात असू द्या. धाकट्या भावंडाचीही तपासणी करा. घरात कुणी गरोदर असेल तर तिचीही, कारण आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं त्या काळात सुटतं आणि नाळेतून बाळापर्यंत जातं.