राजदूत 350 उघडताय? आधी या चुका टाळा

जुनी राजदूत 350 हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला, मेन जेट (कार्ब्युरेटरमधे पेट्रोल किती जाईल ते ठरवणारं छिद्र) किती नंबरचा टाकू? अरे आधी गाडी कुठली ते बघ. जपानी यामाहा आरडी 350 ला 39 बीएचपी, इकडे एस्कॉर्ट्सने बनवलेल्या राजदूत 350 च्या एचटी (हाय टॉर्क) मॉडेलला 30.5 आणि एलटी (लो टॉर्क) मॉडेलला 27. इंजिन तेच, 347 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 64 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 54 मिमी, पण ट्यूनिंग वेगळं, त्यामुळे जपानी चार्टमधले जेट इथे नकोत.

सगळ्यात जास्त इंजिनं जातात ती टायमिंगपायी, म्हणजे स्पार्क चुकीच्या वेळी पडल्याने. पॉइंटचे (उघडला की स्पार्क पाडणारा छोटा स्विच) सेट दोन, डाव्या सिलिंडरचा वेगळा, उजव्याचा वेगळा, लोक एक नीट लावतात आणि दुसरा अंदाजपंचे. मित्राने एचटी अशीच लावून आणली होती, एका किकमध्ये स्टार्ट, आयडल मस्त, म्हणून साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना उजवीकडून बारीक खडखड, डब्यात खडे हलवल्यासारखी. मी म्हटलं थांब, तो म्हणाला वर जाऊन थांबू. वर पोचलोच नाही. नंतर हेड काढलं तर डावा पिस्टन ठणठणीत आणि उजव्याच्या बरोबर मधे करंगळी जाईल एवढं भोक, कडा मेणासारख्या वितळलेल्या. उजव्या पॉइंटचा गॅप जास्त होता, गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि स्पार्क लवकर पडतो, मग लोडवर पिस्टन जळतो.

मी आधी दोन्ही गॅप 0.35 मिमी करतो, गॅप हलवला की टायमिंग हलतं म्हणून हा क्रम सोडत नाही. मग प्लगच्या जागी डायल गेज (पिस्टन किती हलला ते मोजणारं मीटर), टीडीसीला म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना झिरो, आणि त्याच्या 2 मिमी आधी पॉइंट उघडायला हवा. पॉइंट आणि अर्थमधे 12 व्होल्टचा बल्ब, इग्निशन ऑन, पेटला की उघडला. दोन्ही बाजूंना. अर्धा तास जातो, जाऊ दे, ज्याला तेवढा धीर नाही त्याने ही गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी टू-स्ट्रोक आहे, तिचा ऑटोल्यूब पंप (इंजिनला वेगळं ऑइल देणारा) काढून पेट्रोलमधे ऑइल मिसळायचा सल्ला ऐकू नका. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो पण पंप आरपीएमवर ऑइल देत राहतो, मिसळलेलं ऑइल तेव्हा पुरेसं पोचत नाही. फक्त पंपाची ऑइल लाइन उघडली की तिच्यातली हवा काढायची.

कार्ब्युरेटरच्या दोन्ही स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारे भाग) एकदम उचलतात का ते बोटं घालून बघा.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी पांढरा धूर सोडतेय आणि गिअर ऑइल कमी होतंय तर रिंगा बदलत बसू नका, क्लचच्या म्हणजे उजव्या बाजूचा क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील) गेलाय. डावा सील गेला तर हवा ओढते, आयडल आपोआप चढतो, तेव्हा तिथेच बंद करा, घरापर्यंतसुद्धा चालवू नका.