कोकणात सायकलने जायचंय? मग जेटी ते जेटी जा

कोकणात सायकल टूर काढायची म्हटलं की बहुतेक जण मॅप उघडतात, मुंबई ते गोवा टाकतात आणि मॅप त्यांना थेट हायवेवर नेऊन सोडतो. तिकडे जाऊच नका. ट्रक, ट्रॅव्हल्सच्या गाड्या, धूळ, आणि वर समुद्र दिसतच नाही. आपल्याला पाहिजे तो रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने जातो आणि तो इतका निवांत आहे तो खाड्यांमुळे. दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड, प्रत्येक ठिकाणी रस्ता पाण्यापाशी येऊन संपतो आणि पलीकडे जायला फेरीबोट लागते, मग लांबचा माल घेऊन जाणारा ट्रकवाला कशाला त्या रांगेत उभा राहील, तो आपला हायवेनेच जातो. त्यामुळे दोन जेट्यांच्या मधल्या पट्ट्यात गावातल्या बाइक, रिक्षा, एखादी एसटी, बस्स. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल सगळे झाले की हे असंच राहील असं मला वाटत नाही, म्हणून जायचंच असेल तर आत्ता जा.

तर प्लॅन करताना किलोमीटर नंतर मोजा, आधी जेट्या मांडा. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या घेऊन जाणारी मोठी बोट) सायकलसकट मांडव्याला उतरायचं, तिथून अलिबाग साधारण २० किमी आणि पुढे चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड अजून ५०. हा पहिला दिवस. खरं सांगायचं तर या पट्ट्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ असते, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी निघा आणि नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा टाळाच. काशीदनंतर फणसाड अभयारण्याच्या कडेने रस्ता जातो, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं हे, १९८६ ला अभयारण्य झालं. सकाळी लवकर गेलात आणि वरच्या फांद्यांकडे बघत राहिलात तर शेकरू दिसायचा चान्स आहे, पण त्यासाठी सायकल थांबवावी लागेल, चालवता चालवता काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीची बोट. आणि इथून खरी मजा सुरू. दिवेआगर, मग आरावी, शेखाडी करत श्रीवर्धन. या संपूर्ण टूरमधला माझा सगळ्यात आवडता तुकडा हा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला अगदी चाकाखाली यावा इतका जवळ समुद्र, आणि दहा-दहा मिनिटं एकही गाडी येत नाही. इथे घाई करू नका, दिवस इथेच घालवा, संध्याकाळपर्यंत हरिहरेश्वर गाठलं तरी पुरे. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेशवीला उतरून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे. चौथ्या दिवशी मुरूड (हे दापोलीजवळचं, पहिल्या दिवशीचं वेगळं), कर्दे, लाडघर, दाभोळ, बोटीने धोपावे आणि मुक्काम गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगड, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेवरून रत्नागिरी. हा शेवटचा दिवस लांब पडतो, दमलात तर गणपतीपुळ्याला थांबा.

रोजचे ५०-७० किमी ऐकायला कमी वाटतात पण कोकणात सपाट काही नाही हो. खाडी म्हणजे समुद्रसपाटी, बोटीतून उतरलात की लगेच चढ, वर सड्यावर (डोंगरावरचं उघडं पठार) आलात की उघडं ऊन, जरा कुठे पाय मोकळे होतात तोवर उतार, आणि परत खाडी. दिवसातून तीन-चार वेळा हे होतं. चढ लांब नसतात पण उभे असतात, म्हणून मागचं सगळ्यात मोठं चाक निदान ३२ दातांचं हवं, ३४ असेल तर उत्तम. दम लागला तर उतरून ढकला, त्यात काही कमीपणा नाही. सकाळी सहाला निघायचं, अकरापर्यंत मोठे चढ संपवायचे, दुपार एखाद्या सुरूच्या बनात किंवा खानावळीत काढायची आणि चारनंतर उरलेलं. शेवटची बोट किती वाजता आहे ते आदल्या रात्रीच मुक्कामाच्या घरमालकांना विचारून ठेवा. आमची एकदा थोडक्यात चुकली होती आणि समोर पलीकडचे दिवे दिसत असताना अंधारात परत चढ चढून मुक्काम शोधायला लागला.

किनाऱ्यावरून सायकल चालवायची असेल तर ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते, दिवेआगरला आणि मुरूड-कर्द्याला मस्त चालवता येते. वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती, मग ओहोटी बाराच्या आसपास. त्या हिशोबाने अमावास्या-पौर्णिमेनंतर द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठला पूर्ण ओहोटी मिळते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही खूप आत गेलेलं असतं, सायकलला याहून चांगली वेळ नाही. हा अंदाज आहे, नक्की वेळ मच्छीमारांना विचारा. वेळासला मात्र वाळूत सायकल घालू नका, हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

वाळूतून किंवा ओल्या किनाऱ्यावरून गेलात की त्याच संध्याकाळी सायकलवर गोडं पाणी हळू ओता, पाइपचा फवारा नको, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. मग चेन फडक्याने कोरडी करून तेल लावा. आज कंटाळा आला उद्या बघू म्हणालात तर सकाळी चेन लाल झालेली असते.

सायकल हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) असेल तर पुरे, टायर ३५ ते ४० मिमी. सामान पाठीवर अजिबात नको, घामाने जीव जातो, कॅरियर लावून पॅनियरमध्ये (कॅरियरच्या बाजूंना अडकवायच्या बॅगा) टाका. ट्यूब शक्यतो मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्ववाली घ्या कारण मग कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, बारीक व्हॉल्ववाली ट्यूब गावात मिळत नाही. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, मल्टिटूल, चेनची एक जादा कडी. सोबत सुटे पैसे ठेवा आणि मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, सड्याखाली उतरलं की रेंज जाते.

पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. नाश्त्याला घावणे किंवा आंबोळी मिळाली तर पोटभर खा. जेवण मात्र घरगुती खानावळीत आधी फोन करून सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर मिळेलच असं नाही. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात जांभ्यावर शेवाळ येतं आणि उतारावर ब्रेक लागत नाहीत, नवख्यांनी तेव्हा जाऊ नये.

परत यायला रत्नागिरीहून कोकण रेल्वे. सायकल डब्यात नेऊ देत नाहीत, पार्सल ऑफिसमध्ये बुक करून लगेज व्हॅनमध्ये चढवायची, त्यासाठी गाडीच्या दोन तास तरी आधी पोचा. बॅगा, दिवे, पंप, बाटल्या काढून स्वतःजवळ घ्या आणि मागचा डिरेलर (चेन सरकवून गियर बदलणारा भाग) पुठ्ठ्याने बांधा, कारण वर बाकीची पार्सलं येऊन पडतात. छोट्या स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल चढत नाही, त्यामुळे मधेच टूर सोडायची वेळ आली तरी चिपळूणसारखं मोठं स्टेशन गाठा.