हीलिंग पोशन कसं बनवावं आणि ते कुणाच्या हाती द्यावं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हीलिंग पोशनची, म्हणजे जखमा भरणाऱ्या जादुई औषधाची, साधी बाटली बाजारात ५० सोन्याच्या नाण्यांना मिळते. स्वतः बनवली तर २५ नाणी आणि एक दिवस लागतो. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीसाठी (खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या, म्हणजे पात्रांच्या, गटासाठी) हा फरक फार मोठा आहे. तरीही अनेक टेबलांवर (खेळणाऱ्या गटांत) कुणी पोशन बनवायला घेत नाही, कारण नियम दोन-तीन पुस्तकांत विखुरलेले आहेत.

१. डीएमशी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आधी नियम पक्का करा. २०१४ च्या मूळ नियमांनुसार हीलिंग पोशन बनवायला हर्बलिझम किटची (वनौषधींच्या अवजारांची) प्रोफिशियन्सी, म्हणजे ते वापरण्याचं कौशल्य, लागते. वेळेच्या बाबतीत मात्र काही टेबलांवर साध्या वस्तूंचा हिशेब लावतात: दिवसाला ५ नाण्यांचं काम. तसं केलं तर एका बाटलीला १० दिवस जातात आणि तोवर मोहीम पुढे निघून गेलेली असते. २०१७ च्या पुरवणी पुस्तकात १ दिवस आणि २५ नाणी असा स्पष्ट नियम आला. २०२४ च्या सुधारित नियमांतही तोच आकडा आहे, ८ तासांच्या कामासह. हाच नियम घ्या.

यात फासा टाकावा लागत नाही. काही डीएम रंगत यावी म्हणून चेक (फासा टाकून घेतलेली परीक्षा) लावतात आणि नापास झाल्यास सामान वाया गेलं असं धरतात. त्याचं गणित पाहा: डीसी (गाठायचा आकडा) १५ आणि वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात मिळवायचा कॅरेक्टरचा एकूण बोनस +५ असेल, तर यशाची शक्यता ५५ टक्के. म्हणजे हाती आलेल्या प्रत्येक बाटलीमागे सरासरी ४५ नाणी आणि जवळजवळ दोन दिवस. एवढं करण्यापेक्षा दुकानातून घेतलेली बाटली बरी, आणि मग किट कायमचं पिशवीत पडून राहतं. चेक हवाच असेल तर नापास झाल्यावर फक्त एक दिवस जादा लावा, सामान वाया घालवू नका.

२. किट आणि ते वापरता येणारं कॅरेक्टर. हर्बलिझम किट ५ नाण्यांना मिळतं, वजन ३ पौंड. ड्रुइडला (निसर्गाची जादू करणाऱ्याला) त्याची प्रोफिशियन्सी वर्गातूनच (कॅरेक्टरच्या पेशातूनच) मिळते, २०१४ च्या नियमांत हर्मिट (संन्यासी) पार्श्वभूमीतूनही मिळते. अल्केमिस्ट्स सप्लाइज हा वेगळा संच आहे, किंमत ५० नाणी. त्यातून ॲसिड आणि अल्केमिस्ट्स फायर बनतं, हीलिंग पोशन नाही. नवे खेळाडू इथे हमखास गोंधळतात आणि दहापट महाग संच घेऊन बसतात.

३. मोकळे दिवस मागून घ्या. आठ तास प्रवास करून त्याच दिवशी आठ तास पोशन उकळणं बहुतेक डीएम मान्य करणार नाहीत. दोन मोहिमांच्या मध्ये गावात पाच दिवस मिळाले, तर पाच बाटल्या तयार होतात. सामानासाठी १२५ नाणी आधीच बाजूला काढून ठेवा.

४. कोणती बाटली बनवायची? साध्या पोशनचे फासे २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे आणि वर २), म्हणजे सरासरी ७ हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण). ग्रेटर ४डी४+४ (सरासरी १४), त्याला पाच दिवसांचा आठवडा आणि १०० नाणी. सुपीरियर ८डी४+८ (२८), तीन आठवडे आणि १,००० नाणी. सुप्रीम १०डी४+२० (४५), चार आठवडे आणि १०,००० नाणी. साध्या बाटलीत एका हिट पॉइंटला साडेतीन नाणी पडतात, ग्रेटरमध्ये सात, सुपीरियरमध्ये सुमारे ३६ आणि सुप्रीममध्ये तब्बल २२२. पाच दिवसांत पाच साध्या बाटल्या मिळून ३५ पॉइंट देतात, तेवढ्याच दिवसांत बनलेली एक ग्रेटर १४ देते.

म्हणून आमचं ठाम मत: साध्या बाटल्या भरपूर बनवा. त्यांचं खरं काम जखम भरणं नाहीच. पाचव्या लेव्हलनंतर राक्षसाचा एक फटका सहज ७ पेक्षा जास्त असतो, त्यामुळे २०१४ च्या नियमांत उभा असलेला योद्धा लढाईत पोशन प्यायला तर त्याची पाळी बहुधा वाया जाते. पण शून्यावर कोसळलेल्या साथीदाराला १ पॉइंट मिळाला तरी तो शुद्धीवर येतो, डेथ सेव्ह (जगणार की मरणार ते ठरवणारे फासे) थांबतात आणि पुढच्या पाळीला तो लढतो. तिथे ७ आणि २८ यांत फारसा फरक उरत नाही.

५. वाटप. सगळ्या बाटल्या क्लेरिककडे (उपचाराची दैवी जादू करणाऱ्याकडे) ठेवू नका. क्लेरिकच पडला तर बाकीचे रिकाम्या हातांनी बघत बसतात. प्रत्येकाकडे निदान एक हवी आणि ती कॅरेक्टर शीटवर लिहिलेली हवी. २०१४ च्या नियमांत बाटली पिणं किंवा दुसऱ्याला पाजणं यात पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते. २०२४ मध्ये बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) पुरते, त्यामुळे नव्या नियमांत लढाईत पिणंही परवडतं.

६. वर्गांच्या क्षमता. चोर, म्हणजे थीफ रोग, फास्ट हँड्स या क्षमतेने बोनस ॲक्शनमध्ये पोशन पाजेल असं अनेकांना वाटतं. २०१४ च्या नियमांत ते चालत नाही, कारण पोशन ही जादुई वस्तू आहे आणि फास्ट हँड्स तिला लागू होत नाही. अल्केमिस्ट्स फायर फेकायला किंवा हीलर्स किट वापरायला मात्र लागू होतं. हे ५ नाण्यांचं किट दहा वेळा वापरता येतं आणि मेडिसिन चेकशिवाय पडलेल्याला स्थिर करतं. शुद्धीवर मात्र आणत नाही.

२०२० च्या नियमांनुसार आर्टिफिसर (जादुई कारागीर) वर्गातल्या अल्केमिस्टला तिसऱ्या लेव्हलला प्रत्येक लॉन्ग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) एक एलिक्सिर (जादुई काढा) फुकट मिळतं. त्याचा परिणाम डी६ (सहा बाजूंचा फासा) ठरवतो: उपचार, वेग, संरक्षण, धाडस, उड्डाण किंवा रूपांतर. स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची मर्यादित संधी) खर्च केला तर परिणाम स्वतः निवडता येतो. एलिक्सिर पुढच्या लॉन्ग रेस्टनंतर टिकत नाही. साठवत बसू नका, सकाळीच ज्याला उपयोगी पडेल त्याच्या हाती द्या.

७. एकावर एक पिताना. डीएमने पोशन मिश्रणाचा ऐच्छिक नियम लावला असेल, तर एका पोशनचा परिणाम चालू असताना दुसरं प्यायल्यास डी१०० (१ ते १०० आकडा देणारा फासा) टाकावा लागतो. २०१४ च्या तक्त्यात ०१ आला तर स्फोट होतो आणि ६डी१० नुकसान, ०० (म्हणजे १००) आला तर एका पोशनचा परिणाम कायमचा होतो. उड्डाणाचं पोशन पिऊन हवेत लढणारा गडी हीलिंग पोशन उघडणार असेल, तर हा नियम टेबलावर चालू आहे का ते त्याआधी विचारून घ्या.