नेदरलँड्सला नवीन आलात? एक शनिवार हार्लेमसाठी ठेवा

भारतातून आई-बाबा आले की लोक त्यांना थेट ॲमस्टरडॅमच्या गर्दीत फिरवतात आणि संध्याकाळी सगळ्यांचे पाय गेलेले असतात. त्यापेक्षा हार्लेमला न्या. ॲमस्टरडॅम सेंट्रलहून ट्रेनने वीस मिनिटांच्या आत पोचता, या देशातली पहिली रेल्वे 1839 मध्ये याच दोन गावांमध्ये धावली. स्टेशनच्या गेटवर टेकवायला प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, आपल्या एकाच कार्डावर चौघांना आत घेता येत नाही, आणि उतरल्यावर कार्ड परत टेकवून चेक-आउट करायला विसरू नका, नाहीतर पैसे जादा कापले जातात. टेकवता येईल असं कार्ड नसेल तर सरळ तिकीट काढा.

स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत गावातला मुख्य चौक, ग्रोटे मार्क्ट, शनिवारी तिथे बाजार असतो. समोरच्या चर्चमधला अवाढव्य ऑर्गन 1738 चा, दहा वर्षांच्या मोत्झार्टने तो वाजवलाय. पण फोटो काढून तिथूनच परत फिरू नका, खरी मजा पुढे फ्रान्स हाल्स म्युझियममध्ये आहे, हाल्स म्हणजे सतराव्या शतकातला इथलाच चित्रकार. ही इमारत पूर्वी गरीब म्हाताऱ्या पुरुषांचा आश्रम होती, आणि तो आश्रम चालवणाऱ्या ट्रस्टींची दोन चित्रं हाल्सने 1664 मध्ये, म्हणजे ऐंशी उलटल्यावर काढली, एक पुरुषांचं एक बायकांचं. बायकांचं चित्र आधी जवळून बघा, पांढऱ्या कफांच्या जागी नुसते घाईघाईत मारलेले फटकारे दिसतात, चार पावलं मागे या की तिथेच कापड दिसायला लागतं आणि त्याखाली म्हातारे, हाडं वर आलेले हात. सगळ्या काळ्या कपड्यांत, पण काळा एकसारखा कुठेच नाही. मला रेम्ब्रांटपेक्षा हा माणूस जास्त आवडतो, भांडायचं तर भांडा.

वर्षभर इथे राहणार असाल तर म्युझियमकार्ट, म्हणजे म्युझियमचा वर्षाचा पास, घेऊन टाका, पाच-सहा म्युझियममध्ये पैसे वसूल होतात, त्यात इथलंच टेयलर्स पण धरा, 1784 पासून चालू आहे. सोमवारी दोन्ही बंद. चित्रं कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनाला जातात किंवा दुरुस्ती चालू असते, म्हणून निघण्याआधी वेबसाइट बघाच.

खायचं म्हणाल तर दुपारी कॅफेत बहुतेक ब्रेड आणि चीजच मिळतं, आई-बाबा बरोबर असतील तर पोळीभाजीचा डबा घ्या, बाजारात गरम स्ट्रोपवाफल (मध्ये पाक भरलेलं पातळ वाफल) मिळालं तर ते वर खा. नंतर वेळ उरला तर होफ्ये बघा, पूर्वी एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी बांधलेली अंगणाभोवतीची छोटी घरं, बाकेनेसचं तर 1395 चं आहे. तिथे आजही लोक राहतात, तेव्हा आवाज कमी आणि खिडकीतून आत डोकावणं नको.