पल्स संपली तरी करंट उरलाय? या चुका टाळा

लेसरच्या पल्सने घन पदार्थात करंट कसा वाहतो याचं कॉम्प्युटर सिम्युलेशन करताना, पल्स विझल्यावरही आउटपुटमध्ये थोडा करंट उरलेला दिसला, की वाटतं जमलं! एप्रिलात नांदेडच्या खोलीवर, कूलर लावून रात्रभर चालवलेल्या रननंतर मलाही तसंच वाटलं होतं. मोहाला कारणही आहे. २०१३ साली भौतिकशास्त्रज्ञ फेरेन्स क्राउस यांच्या गटाने अतिलघु पल्स वापरून सिलिकासारख्या पक्क्या इन्सुलेटरमध्ये असा करंट खरोखर मोजला होता.

माझा मात्र खोटा निघाला. लेसरचं विद्युत फील्डच मी गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) गुणिले कोसाइन असं लिहिलं होतं. पल्स दोनच आवर्तनांची असली, की त्या फील्डची धन-ऋण बेरीज शून्य होत नाही. पोळ्याला बैल वेशीपर्यंत मिरवून गोठ्यात परतायला हवेत. इथे ते रस्त्यातच उभे! म्हणून आधी व्हेक्टर पोटेन्शियल (ज्याच्या बदलातून फील्ड मिळतं ती राशी) लिहा, दोन्ही टोकांना शून्य, आणि त्याच्या वजा डेरिव्हेटिव्हवरून फील्ड काढा. पल्सची फेज १८० अंशांनी फिरवून करंट उलटतो का पाहण्यावर विसंबू नका. हा खोटा करंटही इमानदारीत उलटतो.

व्हेलॉसिटी गेजमध्ये, म्हणजे गणितात लेसर व्हेक्टर पोटेन्शियलच्या रूपात घेतला तेव्हा, दोन-चारच बँड (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे) घेऊन भागवलं, तर फील्ड नसतानाही करंट वाहतो. तपासणी सोपी आहे. पोटेन्शियल अगदी हळू वाढवा, मग एका किमतीला धरून ठेवा. इन्सुलेटरमध्ये करंट शून्यावर आलाच पाहिजे. नाही आला तर बँड वाढवा. लेंग्थ गेजमध्ये, म्हणजे लेसर थेट फील्डच्या रूपात घ्यायला गेलात, तर प्रत्येक के-पॉइंटला (इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या जाळीतल्या बिंदूला) डायपोलची, म्हणजे दोन बँड जोडणाऱ्या आकड्याची, फेज मनमानी येते, ती आधी सलग करून घ्या.

डिफेझिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनांची लय विस्कटायला लागणारा वेळ, १ फेम्टोसेकंद ठेवणं ही सवयीची चूक. त्याने ऊर्जेला येणारी अर्धी रुंदी ०.६६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तिची लांब शेपटी सिलिकाचा जवळपास ९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या बँडमधलं अंतर) ओलांडते. फील्ड निम्मं केल्यावर वर चढलेले इलेक्ट्रॉन जेमतेम चौथाईवर आले, तर ती गळती समजा. खरे असते तर कितीतरी जास्त घटले असते. एलडीए या नेहमीच्या अंदाजी गणिताने गॅप मुळातच कमी येतो, हेही ध्यानात ठेवा.

टाइम-स्टेप आणि के-पॉइंट दुप्पट करून बघा, एवढं तर सगळे सांगतात.

आणि लाईट जातेच. चेकपॉइंटमध्ये (मध्येच सेव्ह केलेल्या फाइलमध्ये) डेन्सिटी मॅट्रिक्ससोबत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्थितीच्या तक्त्यासोबत, वेळही साठवा, नाहीतर लाईट आल्यावर पल्स पहिल्यापासून सुरू होते आणि इलेक्ट्रॉन अर्ध्या वाटेवर असतात.