जाड केबल सोलायचं टूल घेताय? या चुका टाळा

दीड-अडीच स्क्वेअर एमएमची वायर दाताने सोलणारे वायरमन आपण सगळ्यांनी बघितलेत. पण शेतातल्या मोटरची १६ ची नाहीतर सोसायटीच्या मीटर पॅनलला येणारी ३५ ची आर्मर्ड (आत लोखंडी पट्ट्यांचं कवच असलेली) केबल समोर आली की ते कामाचं नाही, मग लोक ऑनलाइन पहिलं दिसेल ते स्ट्रिपर मागवतात आणि तिथूनच गडबड सुरू होते.

आकडा बघितला, पण एकक नाही बघितलं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. ऑटोमॅटिक स्ट्रिपरवर ०.२ ते ६ लिहिलेलं असतं ते स्क्वेअर एमएम, म्हणजे आतल्या तांब्याचा एरिया. गोल फिरवून कापायच्या केबल स्ट्रिपरवर ८ ते २८ असतं ते नुसते मिलिमीटर, म्हणजे केबलची बाहेरची जाडी. २५ स्क्वेअरचा एक कंडक्टर जेमतेम सहा मिमी भरतो, पण तसे चार कोर (इन्सुलेशन चढवलेले कंडक्टर), वर आर्मर, वर जाड आवरण असं सगळं धरलं तर जाडी कुठल्या कुठे जाते. त्यामुळे "केबल २५ ची, टूल २८ पर्यंतचं, चालतंय की" हा हिशोब करू नका. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर केबलभोवती दोरा गुंडाळा, घेर मोजा, ३.१४ ने भागा, झालं.

एकाच टूलकडून सगळं काम

बाहेरच्या आवरणाला हुक ब्लेडचं गोल स्ट्रिपर, आर्मरला हॅक्सॉ, आतल्या कोरला केबल नाईफ, असा सरळ हिशोब आहे. आर्मर हॅक्सॉने आरपार कापायचाच नसतो, अर्ध्यापर्यंत खाच पाडायची आणि एकेक पट्टी मागेपुढे वाकवून तोडायची, म्हणजे खालचं आवरण शाबूत राहतं.

आता कोर. जाड ॲल्युमिनियम केबलचे कोर बऱ्याचदा गोल नसतात, सेक्टर असतात, कापलेल्या फोडीसारखे, आणि गोल भोकाचं महागडं स्ट्रिपर इथे एका बाजूला इन्सुलेशन सोडतं आणि दुसऱ्या बाजूला थेट तारांवर चढतं. इथे चाकूच बरा. आधी गोल चीर पाडायची पण पूर्ण खोल नाही, पापुद्रा शिल्लक ठेवायचा, मग ब्लेड जवळजवळ आडवं धरून टोकाकडे, अंगापासून लांब, एक लांब पट्टी तासून काढायची आणि उरलेलं हाताने वाकवून ओढायचं, तो पापुद्रा आपोआप फाटतो. ब्लेड तारेला लागतच नाही.

हे एवढं का सांगतोय, तर ॲल्युमिनियमला चीर पडली की दोन-चारदा वाकवल्यावर तार तिथेच तुटते. सात तारांच्या कोरमधली एक गेली म्हणजे सातवा हिस्सा गेला, आणि आधीचा सगळा करंट उरलेल्या सहा तारांतून जाणार. लगजवळ (तारेच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची नळी) गरम होणार ते तिथेच.

लायटर लावणे

नका राव. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, घसा धरतो, कंडक्टर काळा पडतो तो वेगळाच. थंडीत पीव्हीसी कडक झालं असेल तर केबल थोडा वेळ उन्हात ठेवा, तेवढं पुरतं.

टूल आहे, पण नीट सोलत नाही

- गोल चिरेऐवजी स्प्रिंगसारखी चीर पडतेय: ब्लेड तिरकं झालंय किंवा हात पुढे सरकतोय. काही टूलमध्ये ब्लेड फिरतं, ते आडवं लॉक झालंय का बघा.
- इन्सुलेशन कापलं न जाता ताणतंय: ब्लेड बोथट झालंय. खालचा स्क्रू आवळून खोली वाढवायचा मोह होतो आणि तारा त्यानेच कापल्या जातात. ब्लेड बदला.
- टूल केबलवर घसरतंय: केबल रेंजच्या बाहेर आहे, नाहीतर आवरणावर माती-तेल आहे, पुसा आधी.
- तारेवर खाच पडलीच: तेवढं टोक कापून टाका, पुन्हा सोला. म्हणून केबल वितभर जास्त ठेवावी.
- लगमध्ये मावत नाही: दोन तारा छाटून बसवणारे आहेत, पण मुळात लगच छोटा आणलेला असतो. सोलायचं पण लगच्या नळीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिमीच जास्त.

नवीन टूल आलं की खोली आधी त्याच केबलच्या भंगार तुकड्यावर सेट करा. लाल-पिवळं प्लास्टिक हँडल म्हणजे इन्सुलेटेड टूल नव्हे, त्यावर दुहेरी त्रिकोण आणि १००० व्ही असा छाप लागतो, आणि तो असला तरी सप्लाय बंद करून टेस्टरने बघितल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही. आणि ११ केव्हीची केबल असेल तर वरचं काहीच लागू नाही, तिथे इन्सुलेशनवर काळा सेमीकंडक्टर थर असतो, तो काढायचं टूल वेगळं, त्याखाली एक बारीक ओरखडा राहिला तरी जॉइंट पुढे उडू शकतो, ते काम केबल जोडणाऱ्या जॉइंटरलाच द्या.