हाँगकाँगला नोकरीसाठी येताय? आधी कोंबडी-बदकाचं ऐका

दोन माणसं तावातावाने बोलतायत, पण एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळत नाही, अशा वेळी कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीत, म्हणतात, ‘कै थुंग आप कोंग’. म्हणजे कोंबडी बदकाशी बोलतेय. हाँगकाँगला नव्याने आलेल्याचे पहिले काही महिने साधारण असेच जातात. ‘ऑफिसात इंग्रजी चालतं, मग कँटोनीज कशाला शिकायची?’ असं नवीन येणारे हटकून विचारतात. चालतं ना. पण जेवायच्या सुट्टीत सगळे कँटोनीजवर येतात आणि कामाच्या खऱ्या बातम्या तिथेच फिरतात.

शिकताना इंग्रजी स्पेलिंगच्या नादी लागू नका, सरळ देवनागरीत लिहून घ्या. थाय कू हाँगकाँग बेटावर, तर ताय पो पार उत्तरेला न्यू टेरिटरीज भागात. पाट्यांवर मात्र दोन्हीकडे ‘टी-ए-आय’! गोऱ्या सहकाऱ्यांची इथे दमछाक होते. आपण त-थ, प-फ, क-ख पहिलीतच घोटलेले असतात. फ मात्र ओठ मिटून म्हणायचा, फॅनमधला नव्हे.

सुरांच्या बाबतीत ही चैन नाही. सूर सहा. विकत घेणं आणि विकणं, दोन्हीला ‘माय’च. सूर खालून वर चढला तर घेणं, खालीच सपाट राहिला तर विकणं. शेअर बाजाराच्या कामात असाल तर असले निरोप लेखीच घ्या. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा अख्खी वाक्यं म्हणा, सूर जिभेवर लवकर बसतो. चहाच्या हॉटेलात ‘तुंग नेंग छा, सिउ थिम’ म्हणालात की कमी गोड, थंडगार लिंबू-चहा येतो. आणून देणाऱ्याला ‘म् कोय’ म्हणायचं. ‘तो चे’ हे भेटवस्तूसाठी. आणि हो, ॲपवर नुसतं ‘चायनीज’ असेल तर ती बहुधा मँडरिन, म्हणजे चीनची अधिकृत भाषा, असते, तपासून घ्या.

इंग्रजीतही कोंबडी-बदक होतंच. ‘फाइल पाठवली नाहीस?’ याला इथला माणूस ‘येस’ म्हणाला, तर बरेचदा अर्थ असतो ‘बरोबर, नाही पाठवली’. आपणही मराठीत ‘हो, नाही पाठवली’ म्हणतोच की, पण इंग्रजीतला ‘येस’ कानावर पडला की काम झालं असं धरून चालतो. म्हणून नकारार्थी प्रश्न टाळा. ‘फाइल कधी पाठवलीस?’ असं विचारा.